ऐंशीच्या दशकातील ब्रिटिश पॉप: १२ इंची रेकॉर्ड पारखून घेण्याची रीत

माझ्या कपाटात पेट शॉप बॉइज या जोडीच्या ‘वेस्ट एंड गर्ल्स’च्या दोन रेकॉर्ड आहेत आणि त्यांपैकी पहिली मी चुकून घेतलेली आहे. मोठ्या हौसेने घरी आणून पिन टेकवली, तर रस्त्यावरच्या पावलांनी आणि रहदारीच्या घरघरीने होणारी ती ओळखीची संथ सुरुवात येईचना. आवाज कोरडा होता, ड्रम मशीन खडखडत होते आणि मला वाटले, आपलेच यंत्र बिघडले. प्रत्यक्षात ते निर्माते बॉबी ऑर्लँडो यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेले आणि १९८४ मध्ये निघालेले पहिले ध्वनिमुद्रण होते. जगभर गाजलेले गाणे पुढच्या वर्षी स्टीफन हेग यांच्याकडून नव्याने करून घेण्यात आले आणि जानेवारी १९८६ मध्ये ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. दुकानदाराने मला फसवले नव्हते. लेबलवर सारे काही छापलेले होते, मी ते वाचलेच नव्हते.

ऐंशीच्या दशकातील पॉपची ही खोड नवख्या ग्राहकाने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. या काळात गाणे हे एकच एक राहिलेले नव्हते. सात इंची रेकॉर्डवर ते साडेतीन मिनिटांचे असे, १२ इंची रेकॉर्डवर सात-आठ मिनिटांचे, एलपीवर (अनेक गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डवर) आणखी वेगळे, आणि अमेरिकेतल्या प्रतीवर कधी कधी मिक्सच, म्हणजे आवाजांची जुळणीच, निराळी. नॉर्वेच्या आ-हा या बँडचे ‘टेक ऑन मी’ १९८४ मध्ये एकदा पडले, १९८५ मध्ये ॲलन टार्नी यांच्या हाताखाली पुन्हा उभे राहिले आणि मग गाजले. दोन्ही रेकॉर्ड आजही बाजारात फिरत असतात. म्हणून “अमुक गाण्याची रेकॉर्ड हवी” एवढे म्हणून भागत नाही. कोणती, हे सांगता आले पाहिजे, आणि ते सांगता येण्यासाठी रेकॉर्ड वाचता आली पाहिजे.

आधी कुंपण घालावे

पहिली पायरी दुकानात नव्हे, घरीच चढायची असते. हा प्रांत अफाट आहे आणि ठरवून न गेलेला माणूस हाताला लागेल ते घेऊन येतो. कुंपण कशाचेही घालता येईल. शेफिल्ड हे एकच शहर धरले तरी ह्यूमन लीग, हेवन १७, एबीसी आणि कॅबरे व्होल्टेर एवढा ऐवज हाती येतो. त्यातही पहिल्या दोघांचे नाते मोठे रंजक आहे: १९८० मध्ये ह्यूमन लीग फुटली, मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श यांनी बाहेर पडून हेवन १७ उभारले, आणि मागे राहिलेल्या फिल ओकी यांनी शेफिल्डच्याच एका नाइट क्लबात नाचणाऱ्या दोन शाळकरी मुलींना सोबत घेऊन वर्षभरात ‘डेअर’ हा एलपी काढून दाखवला. दोन्ही घराण्यांच्या रेकॉर्ड शेजारी ठेवून ऐकण्यात भाऊबंदकी पाहण्याची गंमत आहे.

नवख्याला मात्र मी एका माणसाचा माग काढायला सांगतो. व्हिन्स क्लार्क यांनी डेपेश मोडसाठी १९८१ च्या ‘स्पीक अँड स्पेल’ या पहिल्या एलपीवरची बहुतेक गाणी लिहिली आणि लगेच बँड सोडला. पुढे ॲलिसन मॉयेट यांच्यासह यझू काढले, तेही दोन एलपींनंतर मोडले, आणि १९८५ मध्ये अँडी बेल यांच्यासह इरेझर सुरू केले. तीन बँड, एक माणूस, आणि ब्रिटनमध्ये तिन्हींची रेकॉर्ड कंपनी एकच, डॅनिएल मिलर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेले म्यूट रेकॉर्ड्स. या रेकॉर्ड त्या वेळी भरपूर खपल्या, त्यामुळे आज त्या दुर्मीळ नाहीत आणि शिकताना झालेली चूक फार महाग पडत नाही. शिवाय म्यूटची क्रमांकपद्धत शिस्तीची आहे. डेपेश मोडच्या सिंगलना (एकेका गाण्याच्या रेकॉर्डना) १९८२ पासून ‘बाँग’ हा शब्द आणि पुढे अनुक्रमांक दिलेला असतो. ‘१२ बाँग’ म्हणजे १२ इंची, आणि त्याआधी ‘एल’ हे अक्षर असेल तर ती मर्यादित प्रत, जिच्यावर बहुधा नेहमीच्या १२ इंचीवर नसलेले मिक्स किंवा मैफलीतली गाणी असतात. एलपींसाठी ‘स्टम’ हा शब्द आहे. एवढे कळले की दुकानातला खोका चाळताना हात आपोआप थांबायला लागतो.

कुंपणाबाहेरचा एक अपवाद मराठी घरात ठेवावाच लागतो. कल्चर क्लबचे गायक बॉय जॉर्ज यांनी पुढे जीझस लव्हज यू या नावाने १९९१ मध्ये ‘बाउ डाउन मिस्टर’ काढले, आणि त्यात आशा भोसले गायल्या आहेत. दशक उलटून गेलेले असले तरी माझ्याकडे ती रेकॉर्ड याच कप्प्यात उभी असते.

यंत्राबद्दल थोडे

रेकॉर्ड प्लेअरवर लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. सुरुवातीला तीन गोष्टी पुरेत: पिनेचा भार मोजून लावता यावा, पिन बदलता यावी आणि वेग स्थिर असावा. सुटकेसच्या आकाराचे शोभेचे प्लेअर या तिन्ही कसोट्यांवर सहसा नापास होतात. भार किती, हे कार्ट्रिजच्या (पिन बसवलेल्या भागाच्या) कागदावर लिहिलेले असते. ऑर्टोफोन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २ ग्रॅम. भार कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड झिजत नाही, ही समजूत चुकीची आहे. हलकी पिन खाचेत उड्या मारते आणि जास्त इजा करते.

जपान किंवा अमेरिकेतून जुने यंत्र आणणाऱ्यांनी विजेचा विचार आधी करावा. जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. क्वार्ट्झ नियंत्रणाच्या डायरेक्ट-ड्राइव्ह (मोटार तबकडी थेट फिरवते अशा) यंत्राला ट्रान्सफॉर्मर पुरतो, पण जुन्या बेल्ट-ड्राइव्ह (पट्ट्याने फिरणाऱ्या) यंत्रांतील काही मोटारी विजेच्या हर्ट्झवर चालतात, आणि ६० हर्ट्झसाठी बनलेली अशी मोटार ५० हर्ट्झवर मंदावते. सारी गाणी खालच्या पट्टीत रेंगाळू लागतात आणि ट्रान्सफॉर्मर त्यावर काहीही करू शकत नाही.

एलपी आधी नको

माझे मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो: या संगीताची खरी रेकॉर्ड म्हणजे १२ इंची सिंगल, एलपी नव्हे. कारण भावनिक नाही, खाचेचे आहे. खोल बासचा आवाज खाचेला रुंद वळणे घ्यायला लावतो. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे कोंबायची असल्यामुळे खाचा दाटीने काढाव्या लागतात, आणि मग खाचा कापणाऱ्या तंत्रज्ञाला बास आणि एकूण आवाज आवरता घ्यावा लागतो. तेवढ्याच आकारावर एकच गाणे आणि तेही बहुधा मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने असेल, तर खाचांना हवी तेवढी जागा मिळते. ही युक्ती सत्तरीच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्को डीजेंसाठी निघाली. ब्रिटिश बँडनी ती उचलली आणि गाणे लांबवणे ही स्वतंत्र कला करून टाकली. निर्माते मार्टिन रशंट यांनी तर ‘डेअर’मधल्या गाण्यांचे तुकडे नव्याने जुळवून १९८२ मध्ये एक अख्खा रीमिक्स एलपी काढला.

मँचेस्टरच्या न्यू ऑर्डरचे ‘ब्लू मंडे’ हा या गोष्टीचा सर्वांत स्वच्छ दाखला आहे. मार्च १९८३ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने ते ‘फॅक ७३’ या क्रमांकाने काढले, ते फक्त १२ इंची. त्याची सात इंची प्रत तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हती आणि दोन महिन्यांनी आलेल्या बँडच्या ब्रिटिश एलपीवरही ते गाणे नव्हते. ज्याला ते हवे त्याने १२ इंचीच घ्यायची. पीटर साविल यांनी त्याचे कव्हर संगणकाच्या फ्लॉपी डिस्कसारखे केले, पुठ्ठ्याला भोके पाडली आणि आत चंदेरी पाकीट घातले. कव्हरवर बँडचे किंवा गाण्याचे नाव कुठेही छापलेले नाही; कडेच्या रंगीत चौकोनांत ते सांकेतिक लिपीने लिहिले आहे. नंतरच्या प्रतींच्या कव्हरला ही भोके नाहीत. त्यामुळे कुणी “पहिली आवृत्ती” म्हणून भाव सांगू लागला, तर आधी भोकांतून बोट फिरवून पाहावे.

एलपी घ्यायचाच असेल तर मूळ ब्रिटिश प्रत शोधावी. नव्या छपाईच्या कव्हरवर “१८० ग्रॅम” असे ठळक लिहिलेले असते. ते वजन आहे, गुणवत्ता नव्हे. कोणत्या टेपवरून कापली आणि कुणी कापली यावर आवाज ठरतो, आणि त्या दोन गोष्टी स्टिकरवर क्वचितच असतात. चित्र छापलेल्या पिक्चर डिस्क भिंतीवर लावायला छान. ऐकायला त्या साध्या काळ्या रेकॉर्डपेक्षा बहुधा जास्त खरखरतात.

रेकॉर्ड वाचण्याची रीत

आता मुख्य काम. रेकॉर्ड हातात आली की कव्हर नव्हे, लेबल आधी पाहावे. लेबलवर कॅटलॉग क्रमांक असतो आणि बहुतेक ब्रिटिश कंपन्यांत १२ इंचीसाठी त्याला १२ ची जोड असते. पार्लोफोन कंपनीची ‘वेस्ट एंड गर्ल्स’ सात इंचीत ‘आर ६११५’ आहे आणि १२ इंचीत ‘१२आर ६११५’. व्हर्जिन कंपनी तोच आकडा शेवटी लावत असे. ह्यूमन लीगचे १९८१ च्या नाताळात पहिल्या क्रमांकावर असलेले गाणे ‘व्हीएस ४६६’ आणि त्याची १२ इंची प्रत ‘व्हीएस ४६६-१२’. मी हेच आकडे आधी पाहिले असते, तर ती पहिली चूक टळली असती.

त्यानंतर रनआउट. गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर बारीक अक्षरे कोरलेली असतात. ती दिसण्यासाठी रेकॉर्ड दोन्ही तळव्यांच्या मध्ये कडेने धरावी, एकाच दिव्याखाली, शक्य तर पिवळ्या बल्बखाली, हळूहळू तिरपी करावी. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ही अक्षरे नाहीशी होतात. तेथे कॅटलॉग क्रमांक, बाजू आणि पुढे एक आकडा सापडतो. हा आकडा बहुधा कितव्यांदा कापले ते सांगतो. ‘ए१’ म्हणजे साधारणपणे पहिली कापणी. काही ठिकाणी कापणाऱ्याची सहीही असते. लंडनचे जॉर्ज पेकम ‘पोर्की’ असे कोरत, आणि ते दिसले की जाणकार मंडळी भाव विचारण्याआधी रेकॉर्ड काखेत धरतात. ही अक्षरे मूळ लॅकरवरच (खाचा पहिल्यांदा जिच्यावर कापतात त्या तबकडीवर) कोरलेली असल्याने त्यापासून निघालेल्या प्रत्येक प्रतीवर उतरतात. कव्हर बदलता येते, रनआउट बदलता येत नाही.

याचा उपयोग कुठे होतो, तर फ्रँकी गोज टू हॉलिवूडच्या ‘रिलॅक्स’सारख्या ठिकाणी. लिव्हरपूलच्या या बँडच्या निर्मात्यांनी, म्हणजे ट्रेव्हर हॉर्न यांनी, ‘१२झेडटास १’ या एकाच क्रमांकाखाली एकापेक्षा जास्त मिक्स विकले. त्यांतला एक सोळा मिनिटांहून लांब आहे. कव्हर पाहून आत कोणता आहे हे खात्रीने सांगता येत नाही. जानेवारी १९८४ मध्ये बीबीसीने गाण्यावर बंदी घातली, त्याच महिन्यात ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि छपाई जोरात चालू राहिली. त्यामुळे प्रती मुबलक आहेत. एकच रेकॉर्ड तीनदा घेण्याचे समाधानकारक निमित्त हवे असेल त्याने येथून सुरुवात करावी.

प्रत पारखताना

वीस-पंचवीस वर्षे कुणाच्या तरी घरात पडून राहिलेली एलपी आणि क्लबात राबलेली १२ इंची यांच्या जखमा वेगळ्या असतात. डीजे गाण्याची सुरुवात गाठण्यासाठी पिन टेकवून रेकॉर्ड मागेपुढे फिरवीत असे. त्या जागी, म्हणजे पहिल्या खाचांवर, करडा मंद पट्टा पडतो. तेवढे पहिले काही सेकंद फुसफुसतात आणि धुऊन ते जात नाही. लेबलवर पेनने लिहिलेले आकडे, नावाची आद्याक्षरे किंवा चिकटपट्टी दिसली तर हा पट्टा मुद्दाम शोधावा. मधल्या भोकाभोवती लेबलवर उमटलेले बारीक रेघांचे जाळेही किती वेळा वाजली ते सांगते.

वरवरच्या केसासारख्या रेघा फारशा वाजत नाहीत. नखाला हलकेच जाणवणारा ओरखडा मात्र वाजतोच; ३३⅓ च्या वेगाला दर १.८ सेकंदांनी एक टक, ४५ ला साधारण १.३ सेकंदांनी. त्याहून फसवा दोष म्हणजे भोक नेमके मध्यभागी नसणे. गिटारच्या गाण्यात तो खपून जातो, पण सिंथेसायझरचा लांब धरलेला सूर दर फेऱ्याला वरखाली डोलायला लागतो आणि एकदा ऐकू आला की पुन्हा कान त्याच्याकडेच जातो. दुकानात ऐकण्याची सोय असेल, तर गाण्याची सुरुवात ऐकण्यात वेळ घालवू नये. बाजूच्या शेवटच्या मिनिटावर पिन ठेवावी आणि गायकाचे ‘स’ ऐकावेत. ते तळणीतल्या तेलासारखे चरचरले, तर खाचा झिजलेल्या आहेत.

आपल्याकडे हे सारे सापडते कुठे? मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि जुन्या रेकॉर्ड विकणारी मोजकी दुकाने. काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले, पण त्याचे स्टिकर असलेल्या एलपी अजून हाती लागतात. भारतात छापलेल्या पाश्चात्त्य एलपींवर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्युझिक इंडिया किंवा सीबीएस ही नावे दिसतात. आठवण म्हणून त्या जरूर घ्याव्यात. आवाजासाठी घेताना ऐकूनच घ्याव्यात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांची मात्र चंगळ आहे. ऑक्सफॅमसारख्या संस्थांच्या दुकानांत दानात आलेल्या रेकॉर्डचे खोके असतात, आणि लंडनच्या बेरिक स्ट्रीटवरच्या रेकॉर्डच्या दुकानांत एक दुपार सहज जाते.

परदेशातून मागवताना

डिस्कॉग्ज या २००० पासून चालू असलेल्या संकेतस्थळाच्या साठ्यात प्रत्येक आवृत्तीची वेगळी नोंद असते, रनआउटसह. आपल्याला हवी ती नोंद आधी शोधावी आणि मग तिच्याखालचे विक्रेते पाहावेत. उलट केले की माझ्यासारखी गत होते. दर्जाची भाषा येथे फसवी आहे. “व्हेरी गुड” याचा अर्थ फार छान असा मुळीच नाही. ती ठळक खरखर असलेली प्रत समजावी. ऐकण्यासाठी “व्हीजी प्लस” (व्हेरी गुडच्या वरची पायरी) ही खालची मर्यादा धरावी. “निअर मिंट”च्या (जवळपास नव्यासारख्या प्रतीच्या) साधारण निम्म्या किमतीत ती मिळते आणि पैशाच्या मानाने हाच दर्जा सर्वांत फायद्याचा. ब्रिटिश विक्रेते कधी वेगळी मोजपट्टी वापरतात, त्यात मिंटच्या खाली “एक्सलंट” येते. शंका असेल तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: वाजवून पाहिली की नुसती पाहिली, आणि रनआउटवर नेमके काय कोरले आहे.

टपालखर्च बहुधा रेकॉर्डच्या किमतीहून जास्त होतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून चार-पाच एकत्र घ्याव्यात आणि सीमाशुल्क हिशेबात धरूनच मागवावे. रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, आतल्या पाकिटात ठेवून दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये बांधण्याची विनंती लेखी करावी. अन्यथा प्रवासात रेकॉर्डची कड कव्हरची शिवण फाडते. एप्रिल-मे मध्ये मी काही मागवत नाही. उन्हात तापलेल्या गोदामात आडवे पडलेले पार्सल आठ दिवसांत ताटलीचे पापड करून पाठवते, आणि त्याची भरपाई मागायची तर दोष कुणाचा हेच ठरत नाही.

धुणे आणि पावसाळा

नवी आणलेली प्रत्येक जुनी रेकॉर्ड न धुता पिनेखाली घालू नये. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचांच्या दिशेने गोल; मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून ताटाळ्यात उभी वाळवावी. लेबल भिजू देऊ नये. नळाचे पाणी वापरल्यास त्यातला क्षार खाचांत बसतो आणि आधी नव्हती ती खरखर सुरू होते. वाळल्यावर जुन्या कागदी पाकिटात परत घालणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे चढवणे. आतले पाकीट नवेच वापरावे.

कोकणपट्टीत आणि मुंबईत खरा शत्रू ओलावा आहे. जूननंतर कव्हरवर पांढरट बुरशीचे ठिपके धरतात आणि तेथून ते रेकॉर्डवर उतरतात. रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात, फार दाटीने नव्हे, बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात तर मुळीच नव्हे. मऊ पीव्हीसीची जाड पारदर्शक पाकिटे टाळावीत, कारण त्यांतला द्रव रेकॉर्डवर धुकट डाग पाडतो, पॉलिप्रोपिलीनची चालतात. सिलिका जेलच्या पुड्या महिन्याने बदलाव्यात. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, पंख्याखाली एकेक कव्हर उघडून पाहावे आणि ज्यांवर ठिपके दिसतील त्या रेकॉर्ड बाजूला काढून पुन्हा धुवाव्यात. ‘ब्लू मंडे’च्या भोकांच्या कडा मी त्याच वेळी कोरड्या ब्रशने झाडतो, कारण वर्षभराची धूळ नेमकी तेथे साठलेली असते.